काविळीचा उतारा आणि चार आकडे

परवा गुहागरला आतेकडे गेलो, तर पडवीत काविळीवरून वाद रंगलेला. शेजारचा मुलगा पिवळा पडला होता आणि आतेचा हुकूम होता, आधी कावीळ उतरवून घ्या, डॉक्टर मग बघू. "परातीतलं पाणी पिवळं होताना मी डोळ्यांनी पाहिलंय. आळीतले तिघं बरे झाले, मला नको सांगूस!"

पाणी पिवळं होतंच. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला चोळून हात चुन्याच्या निवळीत धुवा, तुमचंही होईल. कावीळ नसली तरी. आणि तिघं बरे झाले हेही खरं, कारण दूषित पाण्यातून होणारी 'हेपॅटायटिस ए' बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक ओसरते. उतारा न घेता किती बरे झाले, ते आळीत कोणी मोजलेलं नाही.

अमेरिकेत डॅन कहान या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2013 साली हीच मोजणी लोकांपुढे ठेवली. पुरळावरचं एक क्रीम, आकडे काल्पनिक. लावणाऱ्यांपैकी 223 जणांचं पुरळ कमी झालं, 75 जणांचं वाढलं. न लावणाऱ्यांत 107 जणांचं कमी, 21 जणांचं वाढलं. क्रीम गुणकारी? 223 बघून बहुतेकांची मान डोलते. आता भागाकार करा. 298 पैकी 223 म्हणजे 75 टक्के, 128 पैकी 107 म्हणजे 84 टक्के. न लावणारेच फायद्यात!

गणित पक्कं असलेल्यांना हे जास्त वेळा जमलं. मग तेच आकडे लपवून पिस्तूल बाळगण्यावरची बंदी आणि गुन्हेगारी यांच्या नावाने दिले, तर बरोबर उत्तर आपल्या राजकीय मताविरुद्ध जाताना हे हुशार लोकही घसरले. पहिल्या नजरेचं उत्तर मनासारखं असलं की भागाकाराची गरजच वाटत नाही. नावडतं असलं की लगेच कागद-पेन्सिल निघते. 'लिव्हर डिटॉक्स'च्या बाटल्या घेणारे शहरी पदवीधरही याच माळेचे मणी.

मी आतेला उतारा घेतलेले-न घेतलेले, बरे झालेले-न झालेले अशा चार चौकटी काढून दाखवल्या. कावीळ पित्तनलिकेत अडकलेल्या खड्याची किंवा 'हेपॅटायटिस बी'ची असली तर उताऱ्यात दिवस वाया जातील, हेही सांगितलं. मुलाला रक्त तपासायला चिपळूणला न्यायचं ठरलं. आतेने काही न बोलता कोकम सरबताचा पेला माझ्यापुढे ठेवला. पित्तावर यासारखं औषध नाही, हे मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलोय.

"याचा हिशेब मांडलास कधी?"

मी पेला उचलला.