आरपीएमच्या पोटात लुआ कशी आली

पॅकेजमधली (म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यातली) स्क्रिप्ट कुठल्या भाषेत लिहायची, हा वरकरणी आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. पण लिनक्सच्या जगात तो बहुतेक वेळा एकाच अटीवर सुटला: स्क्रिप्ट चालेल त्या क्षणी तिचा इंटरप्रिटर, म्हणजे ती वाचून चालवणारा प्रोग्राम, जागेवर असला पाहिजे.

1995 मधलं रेड हॅटचं आरपीएम, म्हणजे पॅकेज बसवणारं साधन, स्वतः पर्ल या स्क्रिप्टिंग भाषेत लिहिलेलं होतं. इन्स्टॉलेशनच्या फ्लॉपीवर पर्लचा पसारा मावेना, म्हणून ते सीमध्ये नव्याने लिहिलं गेलं. डेबियन या दुसऱ्या लिनक्स डिस्ट्रिब्यूशनचं तसंच साधन, डीपीकेजी, तेही पर्लकडून सीकडे वळलं, पण डेबियनने पर्लला घराबाहेर काढलं नाही. तिचा छोटा गाभा अत्यावश्यक पॅकेजांत धरला, म्हणजे प्रत्येक मशीनवर तो असणारच. पॅकेज बांधायला मदत करणारं जोई हेस यांचं डेबहेल्परही पर्लमध्येच उभं राहिलं. पायथन कितीही लाडकी असली तरी तिला ही हमी मिळाली नाही.

आरपीएमपुढचा पेच जास्त बिकट होता. पॅकेज बसल्यावर चालणारी स्क्रिप्ट सहसा शेलची, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची, असते. नवी सिस्टिम बसवताना मात्र आरपीएम क्रूट करून, म्हणजे दुसऱ्या डिरेक्टरीलाच मूळ (रूट) मानून, रिकाम्या रूटमध्ये शिरतं आणि तिथे शेलच नसतो. बॅश या शेलला आधी जीलिबसी ही सीची मूळ लायब्ररी हवी, आणि जीलिबसीच्या स्क्रिप्टला शेल हवा. हे चक्र तोडायचं तर इंटरप्रिटर डिस्कवर शोधायचाच नाही, आरपीएममध्येच ठेवायचा. त्यासाठी लुआ निवडली गेली. 1993 मध्ये रिओच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली ही भाषा आटोपशीर सीमध्ये लिहिलेली आहे आणि दुसऱ्या प्रोग्रामात बसवता यावी हाच तिचा बाणा. आरपीएममध्ये ती आणली तीही ब्राझीलच्याच कोनेक्टिव्हा डिस्ट्रिब्यूशनमधल्या गुस्तावो निमेयर यांनी.

तिची खरी किंमत फेडोराच्या ‘फाइलसिस्टिम’ पॅकेजात दिसते. 2012 च्या फेडोरा 17 पासून /बिन ही कमांडांची डिरेक्टरी /यूएसआर/बिनकडे नेणारी सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद) झाली. ती सिमलिंक होण्याआधी दुसऱ्या एखाद्या पॅकेजने तिथे फाइल टाकली, तर /बिन ही खरीखुरी डिरेक्टरी बनून बसेल. आपलंच पॅकेज पहिलं उलगडेल याचीही खात्री नाही. म्हणून हे काम प्रीट्रान्स टप्प्यात होतं, म्हणजे त्या खेपेला बसवायचं एकही पॅकेज उलगडायच्या आधी. तिथल्या लुआच्या मोजक्या ओळी मूळ डिरेक्टऱ्या आणि सिमलिंका करून ठेवतात. ना डिरेक्टरी करणारी एमकेडिर कमांड, ना लिंक करणारी एलएन. सगळं आरपीएमच्या प्रोसेसमध्येच.

पुढे लुआ स्पेक फाइलच्या (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलच्या) मॅक्रोंमध्येही, म्हणजे एका नावाने वापरायच्या तयार तुकड्यांमध्येही, पसरली. तिथे बिल्डच्या मशीनवर शेल हजर असतोच, त्यामुळे ती गरज नसून सोय आहे. आरपीएमच्या मॅक्रोभाषेत गुंतागुंतीचा तर्क लिहिणं जिकिरीचं, हे खरं. तरीही स्पेकमध्ये पानभर लुआ भरू नये असं मला मनापासून वाटतं. पुढच्या देखभाल करणाऱ्याला पॅकेज काय करतंय हे वाचताच कळलं पाहिजे. प्रीट्रान्सची गोष्ट वेगळी. डिरेक्टरीच्या जागी सिमलिंक आणायची असेल, तर फेडोराची मार्गदर्शक तत्त्वं आजही तिथे लुआच वापरायला सांगतात.