वेलांटी आधी दिसते, नंतर ऐकू येते

‘बाराखडी तोंडपाठ आहे, तरी वाचताना अडखळतोच.’ दुसरीच्या पालकसभेत ही तक्रार हमखास ऐकू येते आणि पाठोपाठ निदानही येतं : लक्ष नसतं, आळस करतो, मोबाइल फार बघतो. या निदानामागे एक समजूत आहे. अक्षरं आली की वाचन आपोआप येतं, आणि तरीही आलं नाही तर दोष मुलाचा. अक्षर ओळखणं आणि शब्द वाचणं ही मेंदूच्या दृष्टीनं दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि देवनागरीत या दोन कामांच्या मध्ये एक खास खड्डा आहे. दुसरीचं वर्ष बहुतेक मुलांचं त्या खड्ड्यात जातं.

आधी बाराखडीचा हिशेब मांडू. क्ष, ज्ञ धरून ३६ व्यंजनं. ङ आणि ञ यांच्या ओळी कुणालाच लागत नाहीत, त्या सोडल्या तर ३४. गुणिले १२ म्हणजे ४०८ रूपं. ॲ आणि ऑ धरून आता चौदाखडी म्हणतात, म्हणजे आणखी वाढ. जोडाक्षरं यात धरलेलीच नाहीत. इंग्रजीचं मूल २६ अक्षरांत सुटतं (आणि स्पेलिंगात अडकतं, ती गोष्ट वेगळी). भारतीय लिप्यांमधल्या वाचनावर काम करणाऱ्या सोनाली नाग यांना कन्नड शाळांत दिसलं की ही सगळी अक्षररूपं पक्की व्हायला पहिली-दुसरी पुरत नाही, प्राथमिक शाळेची बरीच वर्षं जातात. मराठीची बाराखडी त्याच घराण्यातली आहे. त्यामुळे दुसरीतल्या मुलाला ‘ढू’ किंवा ‘थौ’ पाहून थबकावं लागलं तर त्यात नवल नाही.

आणि ‘तोंडपाठ’ हा शब्द नीट ऐका. ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि’ हे तालावर म्हणताना पुढचा आवाज चाल आणून देते, डोळा आणून देत नाही. खात्री करायची तर तक्त्यावर बोट मधेच कुठेही ठेवावं : ते, मग टी, मग भु, मग गो. अशी दहा घरं. मूल प्रत्येक घरापाशी त्या ओळीची सुरुवात मनात म्हणत पुढे सरकत असेल, तर त्याला बाराखडीचं गाणं येतं. अक्षरं अजून यायची आहेत.

आता तो खड्डा.

‘कविता’ हा शब्द डावीकडून उजवीकडे डोळ्यांना कसा भेटतो ते पाहू : क, मग पहिली वेलांटी, मग व, मग त, मग काना. तोंडातून निघतो तो क्रम वेगळा : क, व्, इ, ता. डोळ्याला वेलांटी व च्या आधी मिळते, आवाजाला ती व च्या नंतर लागते. मुलानं ती तेवढा वेळ हातात धरून ठेवायची, व उचलायचा आणि मग त्याला लावायची. ज्याला अजून हे धरून ठेवणं जमत नाही ते मूल ‘कीवता’ वाचतं. यात निष्काळजीपणा नाही, उलट तर्क आहे. काना उजवीकडे, दुसरी वेलांटी उजवीकडे, मग क च्या उजवीकडची ही रेघ क चीच असणार. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदी वाचकांना शब्द मोठ्यानं वाचायला दिले. पहिल्या वेलांटीच्या शब्दांना, म्हणजे जिथे दिसण्याचा आणि बोलण्याचा क्रम जुळत नाही तिथे, जास्त वेळ लागला.

जोडाक्षर आलं की गाठ आणखी घट्ट होते. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी स च्याही आधी उभी असते आणि स् व थ् दोन्ही उच्चारून झाल्यावर ऐकू येते. आणि शाळेच्या फळ्यावर हमखास दिसणारा ‘वार्षिक’ घ्या. डोळ्याला : व, काना, वेलांटी, ष, ष च्या डोक्यावर रफार, क. आवाजाला : वा, र्, ष्, इ, क. रफार ष च्या डोक्यावर बसूनही ष च्या आधी बोलला जातो, वेलांटी ष च्या आधी उभी राहूनही नंतर बोलली जाते. एकाच अक्षराभोवती दोन चिन्हं उलट्या दिशांनी उड्या मारतात. आपण हे सहज वाचतो, कारण आपण ते सुटं सुटं वाचतच नाही. अख्खा शब्द ओळखीचा झालेला असतो.

यावर उपाय साधा आणि दिसणारा आहे. वेलांटीच्या रेघेकडे बघायचं नाही, तिच्या टोपीकडे बघायचं. पहिल्या वेलांटीची टोपी उजवीकडे झुकते, दुसरीची डावीकडे. ज्याच्या डोक्यावर टोपी, त्याची वेलांटी. मुलानं पेन्सिलीनं टोपीचं टोक पुढे ओढून त्या अक्षराला भिडवायचं आणि मग वाचायचं. कविता, दिवस, पिशवी, मदतनीस, शनिवार, गणित असे शब्द मिसळून द्यावेत. नुसत्या पहिल्या वेलांटीचे शब्द दिले की मूल चार शब्दांत युक्ती ओळखतं आणि बघणं सोडून देतं. एक काळजी घ्यावी : स्वस्त छपाईच्या पुस्तकांत आणि काही मोबाइल फाँटांत ही टोपी इतकी आखूड असते की अक्षरापर्यंत पोचतच नाही. सरावाला ठळक, मोठ्या अक्षरांचं पान घ्या.

दुसरी अडचण कुठल्याच तक्त्यावर नसते. प्रत्येक साध्या व्यंजनात ‘अ’ असतो, असं आपण पहिलीत शिकवतो, आणि मग बोलताना तो जागोजागी गिळतो. ‘गवत’ लिहिताना तीन पूर्ण अक्षरं, बोलताना त चा अ गेलेला. ‘गवतात’ म्हणताना तर व चाही अ जातो, ‘गव्‌तात’. ‘सडक’मध्ये ड पूर्ण असतो, ‘सडकेवर’मध्ये तो अर्धा होतो. कागदावर यांपैकी कशाचीच खूण नाही. मूल नियमाप्रमाणे ‘ग-व-ता-त’ असं चार ठोके देत वाचतं आणि जे ऐकू येतं ते त्याच्या ओळखीचं नसतं. त्या ओबडधोबड उच्चाराला ऐकलेल्या शब्दाशी जुळवून घ्यावं लागतं : ‘गवतात’ म्हणजे ‘गव्‌तात’ तर नव्हे? ही जुळवाजुळव शब्द आधी कानावरून गेलेला असेल तरच होते. म्हणून रात्री गोष्ट वाचून दाखवणं हा निव्वळ लाड नाही. ज्या शब्दाचा आवाज मुलाकडे आहे, तोच शब्द कागदावरून उचलता येतो.

यात घरची बोली आडवी येत नाही, मोठी माणसं आणतात. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलानं ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं आणि ग्लास दाखवला, तर शब्द वाचला गेला. तिथे थांबवून उच्चार सुधारत बसलं की मूल पुढच्या ओळीला तोंडच उघडत नाही. ण चं काम श्रुतलेखनात करता येतं.

तिसरी गाठ व्याकरणाची. मराठी शब्द प्रत्यय लागला की आतून बदलतो. घोडा, पण घोड्यावर. पाणी, पण पाण्यात. विहीर, पण विहिरीत. पुस्तकात जोडाक्षरांचा धडा यायच्या कितीतरी आधी ती अशी सामान्यरूपातून घरात शिरतात. ‘दुसऱ्या’मधला तो चंद्रकोरीसारखा र आणि ‘सूर्य’मधला रफार यांत फरक का, हे विचारणाऱ्या मुलासमोर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ लिहून ठेवावेत. पहिल्यात र चा आघात द वर आदळतो, दुसऱ्यात आदळत नाही. मोठ्यानं म्हटलं की दुसरीतल्या मुलालाही तो कळतो. लांब शब्दावर अंगठा ठेवायची युक्तीही उपयोगी : ‘वर’ झाकून ‘घोड्या’ वाचायचं, मग अंगठा उचलायचा.

शब्द ओळखीचा होतो म्हणजे काय, हे वाचनशास्त्रात बरंच स्पष्ट आहे. मूल एखादा शब्द स्वतः, अक्षरांवरून, बरोबर उलगडतं, तेव्हा त्या शब्दाचं दिसणं, आवाज आणि अर्थ यांची गाठ बसते. असं मोजक्या वेळा झालं की पुढे उलगडावं लागत नाही, नजर पडताच शब्द उमटतो. डेव्हिड शेअर यांनी १९९५ साली याला स्वयंशिक्षण म्हटलं, लिनिया एरी यांनी ही गाठ कशी बसते ते मांडलं. मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे खालच्या भागात एक पट्टा या कामाला लागतो. स्तानिस्लास दहान आणि लोराँ कोएन यांनी त्याचा पाठपुरावा केला. लिपी कुठलीही असो, जागा जवळजवळ तीच. अट एकच : गाठ उलगडण्यातून बसते, अंदाजातून बसत नाही. चित्रात घोडा बघून ‘घोडा’ म्हणणाऱ्या मुलाच्या नजरेनं ‘घो’ वर क्षणभरही मुक्काम केलेला नसतो. त्यामुळे ‘चित्र बघ आणि ओळख’ ही सूचना वाचनाच्या वेळी टाळावी. चित्र नंतर, गप्पांना.

मेंदूचा विषय निघालाच आहे तर ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या जाहिरातींबद्दल. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचतं म्हणे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी हे प्रयोग अनेकदा उघडे पाडले आहेत : मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात, फट बुजवली की चमत्कार संपतो. गंमत अशी, की मध्यमेंदू वाचनात खरंच भाग घेतो. वाचताना नजर सरकत नाही, उड्या मारते, आणि प्रत्येक मुक्काम सेकंदाच्या साधारण पाव भागाचा असतो. या उड्यांचं नियंत्रण करणारं एक केंद्र मध्यमेंदूत आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर प्रदेशातल्या निरक्षर प्रौढांच्या लहानशा गटाला सहा महिने देवनागरी शिकवली, तेव्हा याच केंद्राचा मेंदूच्या दृष्टिभागाशी ताळमेळ वाढलेला दिसला. पट्टी नव्हती, फीसुद्धा नव्हती. पाटी होती.

आता वेगाचं. निपुण भारत ही केंद्र सरकारची पायाभूत वाचन-गणिताची मोहीम ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाली. दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द बरोबर वाचणं, हे तिचं लक्ष्य. आकडा कशासाठी? मिनिटाला १५ शब्द वाचणाऱ्या मुलाला एका शब्दाला चार सेकंद लागतात, आठ शब्दांच्या वाक्याला ३२. शेवटचा शब्द येईतो पहिला विसरला जातो आणि अर्थ लागत नाही. ४५ ला तेच वाक्य ११ सेकंदांत संपतं. पण हा आकडा मराठीला जरा कडक पडतो, कारण हिंदीत जे ‘स्कूल के पास वाले’ असे चार शब्द होतात, ते आपल्याकडे ‘शाळेजवळच्या’ असा एकच. एनसीईआरटीनं २०२२ साली तिसरीच्या मुलांची २० भाषांत पाहणी करून भाषावार निकष ठरवले, ते योग्यच झालं. घरी मोजायचंच असेल तर महिन्यातून एकदा, न वाचलेल्या उताऱ्यावर, आणि मुलाला घड्याळ न दाखवता. रोज घड्याळ लावलं की मुलं शब्दांची शेपटं खाऊ लागतात, ‘घोड्यावरून’चं ‘घोड्यावर’ होतं.

वर्गात हे सगळं का आवरत नाही, तेही सरळ गणित आहे. ३५ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला एक मिनिट प्रकट वाचन दिलं तर ३५ मिनिटं, म्हणजे तास संपला. बाई वाचतात आणि मुलं मागोमाग म्हणतात त्या अनुवाचनानं लय आणि उच्चार बसतात, पण धडा दोन दिवसांत पाठ होतो आणि मूल छताकडे बघत ‘वाचतं’. ओळखायचं कसं? शेवटच्या वाक्यापासून वर वाचायला सांगा. जोडीवाचनात दहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. जो वर्ग ते रोज करतो तिथे कलकलाट असतो, तो सहन करावा.

घरी १५ मिनिटं पुरतात. दोन मिनिटं तक्त्यावरची विखुरलेली अक्षरं. मग सहा-सात ओळींचा एकच उतारा, आज, उद्या, परवा. दहा शब्दांत एकापेक्षा जास्त वेळा अडखळत असेल तर उतारा जड आहे, बदला. मूल अडलं की मनात तीन अंक मोजून थांबा. बहुतेक मोठ्यांना एवढं थांबणं जमत नाही, आणि मग मूल पानाकडे बघायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागतं. तरी नाही जमलं तर अख्खा शब्द देऊ नका. अडलेल्या अक्षरावर पेन्सिल ठेवा, टोपी कुणाच्या डोक्यावर ते विचारा. शेवटी एक प्रश्न, उत्तर उताऱ्यात सरळ नसलेला. बाहेर पडल्यावर एसटीच्या पाट्या आहेतच. ‘विनाथांबा’ आणि ‘विनावाहक’ या दोन शब्दांनी पहिली वेलांटी फुकटात पक्की होते.

उलटा लिहिलेला ‘३’ किंवा आरशातला ‘ट’ पाहून लगेच डिस्लेक्सिया म्हणू नये. हे या वयापर्यंत पुष्कळ मुलांकडून होतं. कप उजवीकडून पाहा की डावीकडून, तो कपच असतो, हे मेंदू जन्मल्यापासून शिकलेला असतो. अक्षरांपुरतं ते त्याला विसरावं लागतं. मात्र नियमित सरावाच्या काही महिन्यांनीही साधी दोन अक्षरं जोडता येत नसतील, किंवा ‘कमळ’मधला पहिला आवाज काढून उरलेला शब्द सांगता येत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग तज्ज्ञाकडे जावं. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, सवलती मिळतात.

राहिलं श्रुतलेखन. रोज चार शब्द, पाटीवर, मुलानं आवाज तोडून म्हणत लिहायचे. इथे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होणारच, कारण बोलताना त्यातला फरक आपलेही कान नीट पकडत नाहीत. ‘विहिर’ लिहिलं तर सगळे आवाज जागेवर आहेत, फक्त दुसरी वेलांटी चुकली. ‘विरीह’ लिहिलं तर क्रम चुकला. पहिली चूक पेन्सिलीनं हलकेच दाखवून सोडून द्या. दुसरी दिसली की तो शब्द उद्याच्या चारांत पुन्हा घ्या.