पाखाडी, पीळ आणि पाऊल

रत्नागिरीकडच्या कितीतरी वाड्यांत घर गाठायचं म्हणजे पाखाडी चढावी लागते. चिऱ्याच्या पायऱ्या, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी, आणि पावसाळ्यात वर शेवाळ. सेरेब्रल पाल्सी असलेलं सात-आठ वर्षांचं मूल ती चढताना पाहिलं की नजर पायांकडेच जाते. गुडघे एकमेकांना घासतात, पावलं आत वळतात, टाच टेकत नाही. बघणारा म्हणतो, पाय अधू आहेत.

सेरेब्रल पाल्सीत मुळात इजा झालेली असते मेंदूला: जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी लहानपणी. त्यामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडतो, पुष्कळदा ते ताठ राहतात. ती इजा पुढे वाढत नाही. मूल मात्र वाढतं, आणि त्याची हाडंही. नवजात बाळाच्या मांडीच्या हाडाला वरच्या टोकाशी सुमारे ४० अंशांचा पीळ असतो, तुमच्याआमच्याही होता. उभं राहताना, धावताना हाडावर भार येतो, स्नायूंची ओढ बसते आणि मोठेपणापर्यंत तो पीळ १५ अंशांच्या आसपास उतरतो. ज्याचे स्नायू ताठ आहेत आणि चालणं उशिरा सुरू झालं, त्याचा पीळ तसाच राहतो. मग गुडघे आत वळतात. काही मुलांत खालचं नडगीचं हाड उलट, बाहेरच्या बाजूला पिळतं. पाऊल समोर दिसतं, पण वरचा पीळ खालच्या पिळाने झाकलेला असतो.

होडी वल्हवणाऱ्याला हे चटकन कळेल. वल्ह्याचं पातं तिरकं धरलं तर दंडात कितीही जोर असो, पातं पाणी कापत जातं, होडी पुढे सरकत नाही. चालताना पाऊल म्हणजे ते पातं. ते बाहेर वळलेलं असेल किंवा मध्येच खचत असेल, तर पोटरीचा जोर वाया जातो आणि गुडघा वाकलेलाच राहतो. थोडं चालून मूल बसकण मारतं, ते आळसाने नव्हे.

बसण्याचंही तसंच. पाटावर मांडी घालायला खुबा बाहेर वळावा लागतो, आणि हा पीळ नेमकं तेच अडवतो. म्हणून ही मुलं पावलं मागे दोन बाजूंना टाकून बसतात. घरची माणसं ‘नीट बस’ म्हणून ओरडतात. त्या मुलाला तीच बैठक जमते, हात मोकळे राहतात, स्वतःच्या हाताने जेवता येतं. ओरडण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जास्त काळजी खुब्याची. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेरेब्रल पाल्सीच्या दर तीन मुलांमागे साधारण एकाचा खुबा, म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं टोक, वाटीतून सरकलेला आढळला. स्वतः बसूही न शकणाऱ्या, सर्वांत तीव्र गटात हे प्रमाण ९० टक्के होतं. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे मांड्या फाकवून अंग पुसणंसुद्धा कठीण होतं. साधा एक्स-रे ठरावीक काळाने काढत राहिला तर सरकणं वेळेत दिसतं. चालणाऱ्या मुलाचीच हाडं बिघडतात हा समज चुकीचा आहे, धोका उलट न चालणाऱ्यांना जास्त.

मग प्रत्येक वाकडं हाड सरळ करायचं का? नाही. पीळ काढण्याची शस्त्रक्रिया होते, गरज असेल तर अनेक ठिकाणची एकाच वेळी. पण नंतर ताकद परत यायला वर्षभरही लागतं, आणि मेंदूकडून येणारं नियंत्रण हाड कापून सुधारत नाही. एक्स-रेमध्ये बरंच वाकडं दिसणारं मूल घरात नीट वावरत असतं, तर दुसऱ्याला थोडा पीळही संडासात उकिडवं बसू देत नाही. म्हणून डॉक्टरांना अंशांबरोबर घरही कळायला हवं: पायऱ्या किती, उंबरठा केवढा, शाळेच्या वाटेवर साकव आहे का, मुलाला कुठून पाठुंगळी घ्यावं लागतं. तपासणीच्या खोलीतल्या गुळगुळीत फरशीवर, सगळे बघत असताना, मूल चार पावलं वेगळंच टाकतं. जाण्याआधी मोबाइलवर त्याचं पाखाडी चढणं आणि उतरणं, दोन्ही टिपून न्यावं. उतरतानाचं तर नक्कीच, कारण वाकलेल्या गुडघ्यावर अंग तोलत खाली येणं चढण्याहून अवघड असतं.