वणव्यापासून घराचे संरक्षण

जंगलात, झुडपी रानात किंवा माळावरच्या वाळक्या गवतात पेटलेला वणवा वस्तीपर्यंत आला, तरी घराने पेट घेऊ नये म्हणून घराच्या बांधणीत आणि भोवतालच्या जागेत आधीपासून केलेली तजवीज. यात पाण्याचा वाटा थोडा असतो. ठिणगीला धरायला काही ठेवायचे नाही, हे यातले मुख्य काम आणि ते वणव्याच्या हंगामाआधी करायचे असते. संरक्षणाचा पट्टा घरापासून साधारण ३० मीटरपर्यंत, उतारावर किंवा दाट झाडीत ६० मीटरपर्यंत धरतात.

घर कसे पेटते

ज्वाळांची भिंत येते आणि घर गिळते, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात जळालेल्या वस्त्यांमध्ये राख झालेल्या घराशेजारी हिरवी पाने असलेली झाडे उभी दिसतात. जंगलाची ज्वाळ तिथवर आलेलीच नसते. वाऱ्याबरोबर निखारे आलेले असतात. जळती साल, काटक्या आणि फळे वाऱ्यावर एक-दोन किलोमीटर, कधी त्याहूनही दूर जातात आणि पावसासारखी पडतात. ती पन्हळीतल्या पाचोळ्यात, दारापुढच्या काथ्याच्या पायपुसण्यात, लाकडी डेकच्या (घराला जोडलेल्या उघड्या फळ्यांच्या ओट्याच्या) फटीत, झरोक्यातून माळ्यावर रुजतात. वणवा पुढे निघून गेल्यावर काही तासांनी घर पेटण्याचे कारण हेच.

आगीची धग मात्र अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये मुद्दाम पेटवलेल्या जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या करून हे तपासले गेले. १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. २० मीटरवरच्या फार तर करपल्या, पेटल्या नाहीत. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी अशा निरीक्षणांवरून मांडलेला निष्कर्ष आज सर्वत्र मानला जातो: घर वाचेल की नाही हे दूरच्या जंगलापेक्षा घर आणि त्याच्या लगतची जागा ठरवते. म्हणून कामाचा क्रम छपरापासून सुरू होऊन बाहेर जातो. लोक बहुधा उलटे करतात; कुंपणापलीकडची झाडे तोडतात आणि पन्हळ भरलेली राहते.

छप्पर आणि झरोके

छप्पर हा घराचा सर्वांत मोठा आडवा पृष्ठभाग, त्यामुळे सर्वांत जास्त निखारे त्यावरच पडतात. लाकडी फळकुटांची छपरे सर्वांत घातक ठरली आहेत; १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या बेल एअर भागात शेकडो घरे जळाली, त्यात या छपरांचा मोठा हात होता. पत्रा, कौले, काँक्रीट किंवा अग्निरोधाच्या ‘अ’ म्हणजे सर्वोच्च वर्गातले डांबरी आवरण वापरावे. पण चांगले छप्परही सांध्यांत फसते. अर्धगोल कौलांची वळचणीकडची तोंडे उघडी राहिली तर आत पक्षी घरटी करतात, आणि वाळके घरटे म्हणजे छपराखाली ठेवलेले जळणच. ही तोंडे सिमेंटने किंवा पत्र्याच्या टोप्यांनी बंद करावीत. दोन उतार जिथे मिळतात त्या खाचेत पाचोळा साठतो. पन्हळ प्लास्टिकची असेल तर ती वितळून खाली पडते; धातूची असेल तर आतला पेटता पाचोळा वाश्यांच्या टोकांच्या फळीला चिकटून जळत राहतो. म्हणजे धातूची पन्हळ बसवली तरी सफाई चुकत नाही. वर जाळी घातली तरी पाचोळा जाळीवर आणि छपराच्या कडेला साठतो, तोही काढावा लागतो.

झरोक्यांना धातूचीच जाळी हवी, नायलॉनची वितळते. छिद्र ३ मिलिमीटरहून मोठे नको. ऑस्ट्रेलियाच्या मानकात ही मर्यादा २ मिलिमीटर आहे. बारीक जाळी लहान निखारे अडवते, पण धुळीने आणि रंगाच्या हाताने बुजते, मग माळ्यावर दमटपणा वाढून लाकूड कुजते. म्हणून जाळी वर्षातून एकदा ब्रशने साफ करावी. वळचणीची खालची बाजू उघडी असेल तर तापलेली हवा आणि ज्वाळा तिथे अडकतात; ती न पेटणाऱ्या पत्र्याने बंद केलेली बरी.

खिडक्या, भिंती, डेक

काच फुटते ती विषम तापण्याने. मधला भाग तापून प्रसरण पावतो, चौकटीत दबलेली कड थंड राहते आणि तडा कडेपासून सुरू होतो. तावदान पडले की निखाऱ्यांना सरळ घरात वाट मिळते. दुहेरी काच, त्यातली निदान बाहेरची टफन्ड (तापवून कणखर केलेली), हा खात्रीचा उपाय आहे. खिडकीखाली झुडूप लावलेले असेल तर चांगली काचही पुरत नाही.

लाकडी किंवा प्लास्टिक आवरणाच्या भिंतीचा जमिनीलगतचा किमान १५ सेंटिमीटर भाग वीट, दगड वा काँक्रीटचा असावा. भिंत आणि जमीन यांच्या कोनात वाऱ्याने निखारे गोळा होतात, वाळू गोळा होते तसेच. डेक जिथे भिंतीला मिळतो त्या सांध्यावरही हेच होते; तिथे धातूची पट्टी बसवावी. डेकखाली सरपण, जुने फर्निचर, खोकी काहीही ठेवू नये. गॅरेजच्या दाराखालची आणि बाजूंची फट रबरी पट्टीने बुजवावी, कारण आत रंगाचे डबे आणि इंधन असते.

भोवतालची जागा

भिंतीपासून पहिला दीड मीटर पूर्ण रिकामा ठेवावा: खडी, फरशी किंवा उघडी माती. झाडे नकोत, सालींचे आच्छादन नको. रबराच्या तुकड्यांचे आच्छादन तर सर्वांत जोरात जळते. शोभेची झुडपे भिंतीलगतच लावण्याची सवय असल्याने या पट्ट्याला सर्वाधिक विरोध होतो, तरी एवढ्या कमी श्रमात एवढा फायदा दुसऱ्या कशात नाही. लाकडी कुंपण भिंतीला टेकलेले असेल तर ते वातीसारखे आग घरापर्यंत आणते. शेवटचा दीड मीटर तुकडा धातूचा करावा.

दीड ते ९ मीटरच्या पट्ट्यात गवत १० सेंटिमीटरहून वाढू देऊ नये आणि झुडपे सलग न ठेवता सुटी ठेवावीत. झाडाखाली झुडूप असल्यास झुडपाच्या उंचीच्या तिप्पट मोकळी जागा वरच्या फांदीपर्यंत हवी; १ मीटरच्या झुडपावर पहिली फांदी ३ मीटर अंतरावर. नाहीतर आगीला शेंड्यापर्यंत चढायला शिडी मिळते. धुराड्यापासून फांद्या ३ मीटर दूर, सरपण ९ मीटर दूर.

त्यापुढे ३० मीटरपर्यंत झाडे काढायची नसतात, विरळ करायची असतात. सपाटीवर दोन झाडांच्या घेरांत ३ मीटर, मध्यम उतारावर ६ आणि तीव्र उतारावर ९ मीटर अंतर धरतात. चढावर दर १० अंशांना आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून घराच्या उताराकडील बाजूचा पट्टा जास्त रुंद लागतो. वाळके गवत सकाळी लवकर, वारा नसताना कापावे. धातूचे पाते दगडावर आपटून उडालेल्या ठिणगीने वणवे लागले आहेत.

मानके आणि दाट वस्ती

ऑस्ट्रेलियात ‘एएस ३९५९’ हे मानक जागेवर किती धग पोहोचेल यावरून घराची बांधणी ठरवते. त्याचे टप्पे प्रति चौरस मीटर १२.५, १९, २९ आणि ४० किलोवॅट असे आहेत. त्यावर थेट ज्वाळांचा वर्ग. कॅलिफोर्नियात वणव्याच्या धोक्याच्या भागांतील नव्या घरांना २००८ पासून वेगळी बांधकाम संहिता लागू आहे.

घरे जवळजवळ असली की गणित बदलते. जंगलातली ज्वाळ एका जागी मिनिटभर टिकते, पेटलेले घर मात्र तासाहून अधिक जळते आणि शेजारच्या भिंतीवर सतत धग टाकते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी लागलेल्या वणव्यात कॅलिफोर्नियातील पॅराडाइज आणि आसपासच्या भागात १८,००० हून अधिक इमारती गेल्या. ३० डिसेंबर २०२१ रोजी कोलोरॅडोत गवताच्या आगीतून हजारावर घरे जळाली. ९ ते १० मीटरपेक्षा जवळ असलेल्या घरांत एकट्याची तयारी अपुरी पडते, शेजाऱ्याची पन्हळही साफ असावी लागते.

आग येताना आणि नंतर

छपरावर पाण्याचे फवारे चालू ठेवून निघून जाण्याचा सल्ला आता दिला जात नाही. वीज जाते, जळालेल्या घरांचे नळ उघडे पडून दाब कोसळतो आणि वाऱ्याने पाणी भलतीकडे जाते. थांबून घर राखण्याचा विचार करणाऱ्यांनी, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील अग्निसेवेच्या म्हणण्यानुसार, स्वतंत्र टाकीत किमान १०,००० लिटर पाणी आणि इंधनावर चालणारा पंप ठेवावा. पण त्याच राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसे गेली. त्यानंतर अतिभीषण दिवशी लवकर निघून जाणे हाच मार्ग सांगितला जातो. घर नीट तयार केलेले असेल तर ते माणसाविनाही टिकू शकते.

निघताना दारे-खिडक्या, आतल्या खोल्यांचीही, बंद करावीत. गॅस बंद करावा. डेकवरच्या गाद्या, पायपुसणी आणि झाडू आत घ्यावेत, हलके पडदे काढावेत, शिडी बाहेर भिंतीला लावून ठेवावी आणि दिवे चालू ठेवावेत म्हणजे धुरात घर दिसते. परतायची मुभा मिळाली की पन्हळ, डेकखालची जागा, सरपण आणि माळा काही तास पुन्हापुन्हा तपासावा. माळ्यावरचे कागदी किंवा लाकडी भुश्याचे उष्णतारोधक थर ज्वाळ न दाखवता बराच वेळ आतून धुमसत राहतात, तेव्हा हात वर धरून ऊब लागते का ते पाहावे.