एलएसडी म्हणजे गाडीचा डिफ लॉक नव्हे

परवा परत तेच. मित्राने सेकंडहँड ऑक्टाव्हिया घेतली, रिमॅप केली (म्हणजे कॉम्प्युटरवरून इंजिनची ताकद वाढवून घेतली), आता दुसऱ्या गिअरला पुढची चाकं नुसती भिरभिरतात म्हणून एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, बसवायचं डोक्यात घेतलंय, आणि चहाच्या टपरीवर बसलेल्या पाचातल्या चौघांनी एका सुरात सांगितलं, "म्हणजे ट्रॅक्टरचा डिफ लॉकच की रे, ऑटोमॅटिक!" बेळगाव ते निपाणी, खानापूर ते चंदगड, कुठेही जा, हे वाक्य ऐकू येतंच. आपल्याकडे घरटी नाही तरी गल्लीत एक ट्रॅक्टर असतोच, त्यामुळे लॉक सगळ्यांना माहीत, आणि माहीत असलेल्या गोष्टीचंच नाव नव्या गोष्टीला चिकटवायचं ही आपली जुनी खोड.

डिफ म्हणजे डिफरेन्शियल, इंजिनची ताकद दोन चाकांना वाटून देणारी आणि वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. तिचा लॉक तुम्हाला मी काय सांगणार. पाणी दिलेल्या सरीत उसाची ट्रॉली अडकली, एक चाक चिखलात गरगर फिरतंय, दुसरं ढिम्म. टाचेने पेडल दाबायचं, दोन्ही एक्सल एकमेकांना जखडले जातात, सरळ बाहेर काढायचं, पाय उचलायचा. वळताना दाबून ठेवलं की घरचे म्हातारे शिव्या घालतात. झालं, हे एवढं पुरे.

बारीकसारीक फरक आहेत, लॉक आपण लावतो आणि एलएसडी स्वतःचं स्वतः काम करतं, लॉकला वेगळं ऑइल लागत नाही, आत क्लचसारख्या प्लेटा असलेल्या एलएसडीला लागतं, वगैरे. ते कुणीही सांगेल. आणि "स्वतःचं स्वतः" हा तर काही फरकच नव्हे, थारच्या काही व्हेरिएंटमध्ये येणारा मेकॅनिकल लॉकसुद्धा चाक घसरलं की आपोआप लागतो, पण लागल्यावर तो पूर्ण लॉकच असतो, त्याला एलएसडी म्हणू नका.

खरी गोची दुसरीकडे आहे आणि ती समजायला आधी एक गैरसमज फेकून द्यावा लागेल. "साधा डिफ सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देतो." चूक! साधा डिफ दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देतो, चिखलात असो की डांबरावर. घसरणारं चाक फिरतं खूप, पण त्याला पकडच नसल्यामुळे त्याच्यावर टॉर्क चढतच नाही, आणि त्याला जेवढा मिळतो तेवढाच दुसऱ्याला. म्हणजे कमजोर चाक ठरवतं की धडधाकट चाकाला किती मिळणार. आकडे घेऊया. समजा ओल्या रस्त्यावर एका चाकाची पकड १०० न्यूटन मीटरला संपते आणि दुसरं ९०० पेलू शकतं. साध्या डिफमध्ये १०० आणि १००, एकूण २००. दुसऱ्या चाकाचे उरलेले ८०० नुसते बघत बसतात.

आता लॉक. लॉकला टॉर्कशी काही देणंघेणं नाही, त्याचा एकच हट्ट, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरली पाहिजेत. मग ज्याला जेवढं पेलतंय तेवढं तो घेतो. इकडे १००, तिकडे ९००, एकूण १०००. आणि एक चाक हवेत असेल तर? शून्य आणि ९००, तरी ट्रॉली बाहेर.

एलएसडी चाकांचा वेग सारखा करत नाही. ते दोन चाकांच्या टॉर्कमध्ये फरक पडू देतं, आणि तोसुद्धा ठरलेल्या हद्दीपर्यंतच. टॉर्सन नावाचं गिअरवालं एलएसडी म्हणा, किंवा पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांना बसवतात ते हेलिकल गिअरवालं म्हणा, त्याचं एक गुणोत्तर असतं, त्याला टीबीआर (टॉर्क बायस रेशो) म्हणतात. समजा ते २.५ आहे. कमजोर चाकाला १०० मिळत असतील तर दुसऱ्याला जास्तीत जास्त २५०. एकूण ३५०. साध्या डिफच्या २०० पेक्षा खूप बरं, लॉकच्या १००० पुढे काहीच नाही. आणि हवेतल्या चाकाचं काय? शून्य गुणिले अडीच किती होतात ते तिसरीतलं पोरगंही सांगेल. आत प्रीलोड, म्हणजे आधीच देऊन ठेवलेला दाब, असेल तर थोडंफार मिळतं, नाहीतर गाडी जागची हलत नाही.

हा गुणाकार न कळल्यामुळे एका ओळखीच्याने स्वतःचं नुकसान करून घेतलं. हेलिकल एलएसडी बसवून आणलं, गॅरेजवाल्याने पुढचं एक चाक जॅकवर घेऊन पहिला गिअर टाकला, वरचं चाक आरामात फिरलं, गाडी पुढे आलीच नाही, तर म्हणाला, "नकली आहे ओ साहेब, लॉक होईना." आणि ह्या शहाण्याने गिअरबॉक्स परत उतरवला! अख्खा दिवस गेला, मजुरी दुप्पट गेली, आणि वस्तू तर शंभर टक्के चांगली होती, तिने जे करायचं तेच केलं होतं. वर ही टेस्ट धोक्याची आहे, प्लेटवालं कडक प्रीलोडचं एलएसडी असेल तर जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून सरळ पुढे ओढून नेईल. कृपा करून करू नका.

तुम्ही म्हणाल, मग लॉकच चांगला की, १००० देतोय. चोर्ल्याच्या घाटात या मग. कणकुंबीच्या पुढे उतारावर जी वळणं लागतात तिथे बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, आणि किती जास्त ते वळणाच्या गोलाईवर नाही, दोन चाकांमधल्या रुंदीवर ठरतं. रुंदी दीड मीटर धरली तर काटकोनात वळताना साधारण २.३६ मीटर जास्त, पूर्ण उलटं फिरवणाऱ्या वळणाला ४.७ मीटर. लॉक लावला असेल तर हे पावणेपाच मीटर कुठून तरी भरून काढावे लागतात, म्हणजे टायर घासून, एक्सलला पीळ देऊन, आणि मुख्य म्हणजे गाडी वळायलाच नको म्हणते, सरळ दरीकडे. चिखलात टायर घसरून घेतो म्हणून ट्रॅक्टरला चालतं, डांबरावर नाही चालत. ड्रिफ्टच्या नादात डिफ वेल्ड करून कायमचा जखडणारी पोरं असतात, त्यांना मैदानात काय करायचं ते करू दे, पण ती गाडी घेऊन रोज कॉलेजला जाणाऱ्याच्या मागे मी बसणार नाही.

एलएसडी वळणात वेगाचा फरक राहू देतं, मजा तिथेच आहे. आतलं चाक हलकं होऊन घसरायला लागलं की ते जास्तीचा टॉर्क बाहेरच्या, वजन पडलेल्या चाकाला ढकलतं आणि पुढच्या चाकांच्या गाडीत नाक चक्क आत ओढलं जातं. पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. पण एक मेख आहे, जी विकणारे सांगत नाहीत. एलएसडी टॉर्क देतं ते नेहमी जोरात फिरणाऱ्याकडून हळू फिरणाऱ्याला. वळणात शिरताना अजून काहीच घसरत नसतं तेव्हा हळू फिरणारं चाक आतलं असतं, म्हणजे सुरुवातीला नाक उलट किंचित जड लागतं. अर्धवट ॲक्सिलरेटर देणारा म्हणतो पैसे वाया गेले, आणि दाबणारा म्हणतो गाडी बदलली. दोघंही खरं बोलतायत.

नावांचा घोळ मात्र आपला एकट्याचा नाही. १९३५ च्या सुमाराला फर्डिनांड पोर्शेंनी ऑटो युनियनच्या रेसिंग गाड्यांसाठी झेडएफ ह्या गिअर बनवणाऱ्या कंपनीकडून असला डिफ करून घेतला, कारण ताकद इतकी की मागचं एक चाक भरवेगातही घसरायचं. जर्मन लोक त्याला श्पेरडिफरेन्शियल म्हणतात, आणि श्पेर म्हणजे अडवणं, लॉक करणं. तिथून ते "२५ टक्के लॉक", "४० टक्के लॉक" आलं. आपला माणूस वाचतो आणि समजतो की लॉक पाव भाग लागलेला आहे. तसं काही नसतं. २५ टक्के म्हणजे एकूण टॉर्कच्या पाव हिश्शाएवढा फरक दोन चाकांत पडू शकतो, एकाला ६२.५ आणि दुसऱ्याला ३७.५. वरचं अडीचचं गुणोत्तर ह्या भाषेत साधारण ४३ टक्के होतं.

आणि सगळ्यात डोकं फिरवणारं नाव, फोक्सवॅगन-स्कोडाच्या माहितीपत्रकातलं ईडीएल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल लॉक. त्यात ना लॉक, ना एलएसडी. आत साधाच डिफ असतो, फक्त घसरणाऱ्या चाकाला एबीएसचं युनिट ब्रेक लावतं. एक्सडीएस हे त्याचंच वळणातलं भावंड. ट्रॅक्टरवाल्यांनो, हे तुम्हाला माझ्याआधी कळायला हवं होतं, तुमच्याकडे डाव्या-उजव्या चाकाला वेगळे ब्रेक असतात की नाही? एक चाक फिरायला लागलं की त्याच बाजूचा ब्रेक हलका दाबून कितीदा ट्रॅक्टर काढलाय तुम्ही. ईडीएल म्हणजे ते, टाचेखालचं पेडल नव्हे.

मघाचेच आकडे घ्या. १०० पेलणाऱ्या चाकावर १५० चा ब्रेक लावला तर त्या बाजूला २५० झाले, साधा डिफ म्हणतो मग तिकडेही २५०. रस्त्यावर पोचले ३५०, एलएसडीएवढेच! पण एलएसडीत एक्सलवर ३५० पाठवून काम झालं, इथे ५०० पाठवावे लागले आणि १५० ब्रेक पॅड तापवण्यात गेले. एखाद्या वळणाला कळतही नाही. आंबोली जोरात चढून बघा, चार-पाच वळणांनी पॅड तापतात, पॅड लवकर संपतात, आणि रिमॅप केलेली जास्तीची ताकद आपणच आपल्या ब्रेकशी लढवत बसतो. २०२० ला आपल्याकडे आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस २४५ मध्ये जे होतं ते वेगळं, तिथे एका बाजूच्या ड्राइव्हशाफ्टवर कॉम्प्युटरने दाबला जाणारा खराखुरा प्लेट क्लच आहे. ते इलेक्ट्रॉनिक आहे आणि एलएसडीही आहे. साध्या ऑक्टाव्हियाच्या कागदावर ईडीएल बघून "आपल्यात पण तेच आहे" म्हणू नका.

मित्राला काय सांगितलं म्हणाल तर, आधी पुढचे दोन टायर बदल. ते गुळगुळीत झालेत, १०० चे १५० तिथेच होतील, आणि गुणाकार असल्यामुळे त्याचा फायदा एलएसडी आल्यावर अडीच पटीने मिळेल. मग हेलिकल घे. प्लेटवालं टू-वे रोजच्या गाडीत मला अजिबात पटत नाही, ॲक्सिलरेटर सोडल्यावरही ते चाकं धरतं, पार्किंगमध्ये वळताना कडकड आवाज, ऑइल लवकर बदला, प्लेटा झिजल्या की परत गिअरबॉक्स खाली. ट्रॅकवर जाणाऱ्याने घ्यावं. स्टीअरिंग हेलिकलनेही थोडं हाताला ओढणार, खड्ड्यात एक चाक गेलं की जास्तच, त्याची सवय करावी लागते.

आणि उद्यमबागेतल्या गॅरेजात कामाला टाकायच्या आधी एक प्रश्न विचार, क्राउन व्हील (डिफला फिरवणारं मोठं गिअर) रिव्हेटने बसवलेलं आहे की बोल्टने. फोक्सवॅगनच्या काही मॅन्युअल गिअरबॉक्सना रिव्हेट असतात, ते ड्रिल करून काढावे लागतात आणि परत बसवताना चांगल्या प्रतीचे बोल्ट लागतात. "बघू की, करू काहीतरी" असं उत्तर आलं तर गाडी तशीच वळवून घरी आण.