झाडं नको, चौक पाहिजे

ठाण्याच्या नौपाड्यात मामाची बैठी जागा आहे, अगदी रस्त्याला चिकटून. सगळे म्हणतात बिल्डरला देऊन टाक, मामा म्हणतो मला बैठंच घर बांधायचंय, मधे चौक, म्हणजे वरून उघडं अंगण पाहिजे, आणि पुढे अशोकाची ओळ लावली की आवाज बंद. इथेच गडबड आहे. झाडांची एक ओळ आवाज जवळपास अडवतच नाही, गाडी दिसत नाही म्हणून कमी वाटतो एवढंच.

आवाज अडवायला वजन लागतं. नऊ इंची प्लास्टर केलेली विटांची भिंत ४५-५० डेसिबल सहज अडवते, पण तिच्यात १ टक्का जरी उघडं राहिलं तरी सगळा हिशोब २० डेसिबलवर येतो. म्हणजे दहा बाय दहाच्या भिंतीत एक चौरस फुटाचं भोक, बाथरूमच्या एक्झॉस्टचं असतं ना, तेवढंच! म्हणून रस्त्याकडची भिंत बंद ठेवा, खिडक्या चौकात उघडा, बाथरूम, स्टोअर रस्त्याकडे टाका, पण एक्झॉस्ट बाजूच्या भिंतीत काढा.

मग उरतो वरून येणारा आवाज. हॉर्नचा कर्कश भाग २००० हर्ट्झच्या आसपास, त्याची एक लाट जेमतेम १७ सेंटिमीटरची, ती छपरावरून फारशी वळत नाही. सिग्नलला उभ्या बसची घरघर १०० हर्ट्झची, लाट साडेतीन मीटरची, ती आरामात वळून चौकात उतरते. ती थोडी राहणारच, मामाला सांगून ठेवलंय.

चौक केवढा ठेवायचा यावर आमचं भांडण झालं. डिसेंबरात ठाण्यात भर दुपारी सूर्य ४७ अंशावर असतो, दहा फूट उंचीवरच्या वळचणीची सावली सव्वानऊ फूट पडते, म्हणजे नऊ फुटी चौकात तेव्हा जमिनीला ऊनच नाही, नुसतं शेवाळ. बारा फूट घेतला तर उत्तरेला पावणेतीन फुटांची पट्टी मिळते, तुळस तिथेच. पण चौक मोठा केला की शेजारच्या टॉवरमधून सगळं दिसतं, रस्त्यावरच्या माणसाला भिंत अडवते, विसाव्या मजल्यावरच्याला कोण अडवणार? म्हणून चारी बाजूंनी खोल ओसरी, बसायचं तिथे.

आणि पाऊस. ठाण्यात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पडतो, म्हणजे बारा बाय बाराच्या चौकात तेहतीस हजार लिटर, छपराचा उतार आत घेतला तर कितीतरी जास्त. ते पाणी घराखालच्या पाइपातून रस्त्याच्या गटारात सोडायचं, असा मामाचा प्लॅन. फक्त डांबराचे थर चढून चढून रस्ता आता जुन्या जोत्याच्या वर गेलाय, त्यामुळे आधी जोतं दोन फूट उचलायचंय.