वस्त्रावरील ध्वज

वस्त्रावरील ध्वज : राष्ट्राचा, पंथाचा, चळवळीचा किंवा प्रदेशाचा ध्वज अंगावरच्या कपड्यावर शिवून, विणून, छापून, भरतकामाने काढून अथवा टाचणीने लावून वागवण्याची प्रथा. खांबावरचा ध्वज एका जागी असतो आणि त्याचा अर्थ ती जागाच सांगते. कपड्यावरचा ध्वज मात्र माणसाबरोबर चालतो, गर्दीत शिरतो, घामाने भिजतो, धुण्यात पडतो आणि जिथे जाईल तिथले लोक त्याचा आपापल्या परीने अर्थ लावतात. लावणाऱ्याच्या मनातला अर्थ आणि पाहणाऱ्याने काढलेला अर्थ यांत पडणारे अंतर हा या विषयाचा गाभा आहे. कापड विणणारे, गणवेश शिवणारे, चार भाषा बोलणारे आणि ध्वजापायी लष्करी कायदा सोसलेले सोलापूर हे अंतर पाहण्यासाठी फार योग्य ठिकाण असल्याने प्रस्तुत नोंदीत त्या शहराच्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर ६ एप्रिल १९३० रोजी, म्हणजे दांडीला मिठाचा कायदा मोडला गेला त्याच दिवशी, त्या काळचा राष्ट्रीय ध्वज फडकवण्यात आला. त्याचे रूप आजच्यासारखे नव्हते. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा पट्टा आणि त्यांवर चरखा अशी त्याची रचना होती. केशरी पट्टा वर असलेला ध्वज काँग्रेसने १९३१ मध्ये स्वीकारला आणि चरख्याच्या जागी अशोकचक्र असलेला ध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी संमत केला. गांधीजींच्या अटकेची बातमी आल्यावर मे १९३० मध्ये शहर खवळले. ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस शहराबाहेर गेले आणि तीन-चार दिवस गावचा बंदोबस्त लोकांनीच राखला. १२ मे रोजी सरकारने लष्करी कायदा पुकारला, तो ३० जूनपर्यंत लागू होता. त्या काळात काँग्रेसचा झेंडा जवळ बाळगणे हा गुन्हा ठरला आणि गांधी टोपी घालून रस्त्याने जाणाऱ्यांना सैनिक ती उतरवायला लावीत. टोपीवर कोणताही ध्वज नव्हता, चिन्ह नव्हते, रंगसुद्धा नव्हता. ती साध्या पांढऱ्या खादीची होती, तरीही पाहणाऱ्या सैनिकाला तीत ध्वजच दिसत होता. वस्त्र हे ध्वज कसे बनते याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे. या घडामोडींतूनच पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांवर खटला चालला व १२ जानेवारी १९३१ रोजी त्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. चौघांची नावे एका दमात घेणारे शहर ध्वजाकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहत नाही, हे पुढील सर्व मजकूर वाचताना ध्यानात ठेवावे.

स्वतंत्र भारतात राष्ट्रध्वज कपड्यावर वापरण्यास दीर्घकाळ मनाई होती. राष्ट्रप्रतिष्ठा अपमान प्रतिबंधक अधिनियम १९७१ साली झाला आणि भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून अमलात आली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये उद्योगपती नवीन जिंदाल यांच्या प्रकरणात, नागरिकाने सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २००५ साली नियमांत व कायद्यात दुरुस्ती होऊन पोशाखावर ध्वज वापरण्याची मर्यादित मुभा मिळाली. या मुभेची सीमारेषा माणसाच्या कमरेवरून जाते : कमरेखाली नेसण्याच्या किंवा घालण्याच्या कोणत्याही वस्त्रावर, गणवेशावर वा साधनावर ध्वज असू नये. अंतर्वस्त्रे, हातरुमाल, उशा आणि जेवणाचे रुमाल यांवर तो छापू किंवा भरू नये. कपडा शिवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कापडावरही त्याची छपाई वा भरतकाम करू नये. ध्वजावर अक्षरे लिहिण्यासही मनाई आहे. उल्लंघन झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वजाची व्याख्याही व्यापक आहे. त्याचे चित्र, छायाचित्र किंवा त्याच्या एखाद्या भागाचे दृश्य रूपसुद्धा तीत येते. त्यामुळे चक्र गाळून नुसते तीन पट्टे ठेवलेली ओढणी हा ध्वज की केवळ रंगसंगती, हा प्रश्न वादाचा राहतो आणि व्यवहारात त्याचा निकाल बहुधा पाहणाऱ्याच्या मनात लागतो.

शिवणकामाचा कापडावरील छपाईशी असलेला हा फरक सोलापूरच्या धंद्याला फार जवळून लागू पडतो. जकार्डच्या मागावर चादर विणणाऱ्या आणि टॉवेलसाठी नावाजलेल्या या शहरात शालेय व इतर गणवेश शिवणारे अनेक कारखाने आहेत. थानावर ध्वज छापला तर तो कायद्याच्या कक्षेत सापडतो. सदऱ्याच्या छातीवर किंवा बाहीवर वेगळा शिवलेला ध्वजाचा छोटा तुकडा मात्र चालतो. हा तुकडा नीट करणे दिसते तितके सोपे नाही. ध्वजाची लांबी-रुंदी ३:२ या प्रमाणात असावी लागते. समजा सहा सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद असा तुकडा घेतला, तर प्रत्येक पट्टा जेमतेम सव्वा सेंटिमीटरच्या वर जातो आणि चक्राचा व्यास साधारण सव्वा सेंटिमीटर होतो. त्या वर्तुळावर चोवीस आरे बसवायचे म्हणजे परिघाशी दोन आऱ्यांमध्ये सुमारे दीड मिलिमीटर जागा उरते आणि मध्याकडे येताना ती निम्म्याहून कमी होते. भरतकामाचा दोराच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असल्याने आतले आरे एकमेकांत मिसळतात आणि चक्राच्या जागी निळा ठिपका दिसू लागतो. म्हणून काही जण आरे कमी करतात. ध्वजाविषयी आस्था असलेल्याने हे करू नये, असे येथे स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते. तुकडा मोठा घ्यावा किंवा भरतकामाऐवजी बारीक विणीचे कापड वापरावे, पण चोवीसचे सोळा करू नयेत. दुसरी चूक घाईतली असते : बाही जोडण्याआधी तुकडा शिवला आणि बाहीची वरची बाजू ध्यानात राहिली नाही, तर सदरा अंगात घातल्यावर केशरी पट्टा खाली जातो. शिवणाऱ्याला ती चूक टेबलावर दिसत नाही, रस्त्यावरच्या माणसाला ती लगेच दिसते, आणि तो दोष शिवणाऱ्याला न देता घालणाऱ्याला देतो.

ध्वज अंगावर कुठे आहे, यावरून लोक बरेच काही ठरवतात. डाव्या छातीवरचा, खिशाच्या वर टाचलेला ध्वज आदराचा मानला जातो. स्वातंत्र्यदिनाच्या आणि प्रजासत्ताकदिनाच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी मुलांच्या खिशाला बाई टाचणीने कागदी ध्वज लावतात, तेव्हा टाचणी खिशाच्या दुमडीतूनच घालतात, म्हणजे ती अंगाला टोचत नाही आणि ध्वज आडवा पडत नाही. तोच ध्वज बाहीवर आला की तो गणवेशाचा भाग वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेले भारतीय जवान आणि परदेशी खेळायला गेलेले खेळाडू यांच्या बाहीवरचा किंवा छातीवरचा ध्वज ‘हा माणूस आपल्या वतीने उभा आहे’ असे सांगतो. पाठीवरून पांघरलेला मोठा ध्वज उत्साहाचा म्हणून पाहिला जातो, पण तो जमिनीला लागला की त्याच गर्दीतून कोणीतरी ‘झेंडा वर घे’ म्हणून ओरडतो. साडीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. पाच-सहा वारांच्या वस्त्रात पदर कमरेवर आणि निऱ्या कमरेखाली असतात, त्यामुळे एकाच नक्षीचा एक भाग कायद्याच्या आत व दुसरा बाहेर जाऊ शकतो. २००७ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी अनेक देशांचे ध्वज असलेली साडी नेसलेल्या एका दूरचित्रवाणी निवेदिकेवर टीका झाली, ती भारताचा ध्वज साडीच्या खालच्या भागात आला म्हणून. नेसणारीच्या मनात अपमानाचा विचार असल्याचे कोणी दाखवले नव्हते. साडीच्या घड्यांनी ध्वजाची जागा ठरवली होती.

सोलापूरकरांची ध्वज वाचण्याची सवय राष्ट्रध्वजापुरती नाही. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, मिरवणुकीने निघतात. ते पेलणारे भक्त पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, घालतात. बाराबंदीवर कोणतेही चिन्ह नसते, तरी त्या दिवसांत हे वस्त्र दिसताच लोक रस्त्यात बाजूला होऊन वाट करून देतात, कारण वस्त्र आणि ध्वज यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना ठाऊक आहे. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावरची भगवी पताकाही अशीच विनाखुलासा ओळखली जाते. शिवजयंतीला भगवे फेटे व उपरणी, आंबेडकर जयंतीला अशोकचक्र असलेली निळी उपरणी व बिल्ले ही ओळख त्या त्या दिवशी आनंदाची असते. एरवीच्या दिवशी तेच उपरणे गळ्यात असले तर पाहणारा त्यातून जात, पक्ष किंवा भूमिका शोधू लागतो. तारीख बदलली की अर्थ बदलतो, हे येथील लोक न शिकवता जाणतात.

पाहणाऱ्याच्या अज्ञानाचे सर्वाधिक ओझे हिरव्या रंगावर पडते. ईद-ए-मिलाद किंवा मोहरमच्या दिवसांत दिसणारे, चांद-तारा असलेले हिरवे फडके हे धार्मिक चिन्ह आहे. पाकिस्तानच्या ध्वजावर काठीच्या बाजूस पांढरा उभा पट्टा असतो आणि तो त्या देशाच्या ध्वजाचा अनिवार्य भाग आहे. हा फरक लक्षात न घेता, एखाद्या मुलाच्या डोक्याला बांधलेल्या हिरव्या पट्टीवरून अफवा उठवणे हे अज्ञान आहे आणि त्याचे परिणाम त्या मुलाला व त्याच्या घराला भोगावे लागतात. कुर्बान हुसेनांच्या गावात तरी ध्वजाचे एवढे वाचन प्रत्येकाला यायला हवे.

लाल-पिवळ्या रंगांचे उदाहरण वेगळे आहे. कर्नाटकात हे दोन पट्टे कन्नड अस्मितेचा ध्वज म्हणून सर्वपरिचित आहेत आणि १ नोव्हेंबरच्या राज्योत्सवाला ते गळ्यातल्या शालीवरही दिसतात. त्याच दिवशी बेळगावातील मराठी भाषक काळा दिवस पाळून दंडाला काळ्या फिती लावतात. सोलापुरात कन्नड बोलणारी असंख्य घरे आहेत आणि अक्कलकोटकडच्या गावांमधून दोन्ही भाषा एकाच अंगणात बोलल्या जातात. येथील बाईच्या पदरावर पिवळा आणि लाल रंग शेजारी आले तर लोकांना त्यात हळद-कुंकू दिसते, आणि मूळ कन्नड ध्वजातले रंगही हळद-कुंकवाचेच मानले जातात. सीमाप्रश्न तापलेला असताना मात्र त्याच रंगांची शाल घातलेल्या प्रवाशाकडे बसस्थानकावर माना वळतात.

इतर देशांतील रूढी पाहिल्या तर नियम आणि नजर यांची फारकत आणखी ठळक होते. अमेरिकेच्या ध्वजसंहितेत ध्वजाचा कोणताही भाग पोशाख म्हणून वापरू नये असे म्हटले आहे. गणवेशावरील तुकडा आणि डाव्या बाजूस हृदयाजवळ लावायची टाचणी यांना तीत मान्यता आहे. पण संहितेला शिक्षेची जोड नसल्याने ध्वजाच्या नक्षीचे कपडे तेथे सर्रास वापरले जातात. तेथील लष्करी गणवेशाच्या उजव्या बाहीवर ध्वज उलट दिशेने शिवतात, म्हणजे सैनिक पुढे चालत असता ध्वज वाऱ्यावर मागे फडफडत असल्यासारखा दिसतो. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापासून तरुणांनी राष्ट्रध्वज फॅशनमध्ये आणला. कॅनडाचे प्रवासी पाठपिशवीवर मेपलचे पान शिवतात, त्यामागे आपल्याला शेजारच्या देशाचे समजू नये अशी इच्छाही असते. सौदी अरेबियाच्या ध्वजावर इस्लामचा कलमा लिहिलेला असल्याने तो कपड्यावर किंवा फेकून द्यायच्या वस्तूवर छापणे आक्षेपार्ह मानले जाते. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी खाद्यपदार्थांच्या कागदी पिशव्यांवर तो छापल्यावरून निषेध झाला होता. सोलापूरच्या बाजारात मिळणारे परदेशी ध्वजांचे टी-शर्ट मात्र घालणारा आणि पाहणारा दोघेही निव्वळ नक्षी म्हणून घेतात, कारण त्या ध्वजांमागचा इतिहास येथे कोणाच्या अंगावर आलेला नाही.

जुन्या, विटलेल्या ध्वजाचे काय करावे, हा या प्रथेतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. फाटका किंवा मळका ध्वज दाखवू नये, तो खासगी रीतीने, शक्यतो जाळून, सन्मानपूर्वक नष्ट करावा, आणि कार्यक्रमानंतर कागदी ध्वज जमिनीवर टाकू नयेत, असे भारतीय ध्वजसंहिता सांगते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर बनवलेल्या ध्वजांना परवानगी मिळाली, त्यामुळे ध्वज स्वस्त व विपुल झाले आणि टाकून दिलेल्या ध्वजांचा प्रश्नही वाढला. कपड्यावरच्या ध्वजाबाबत अडचण वेगळी आहे. सोलापूरच्या घरांत जुना कपडा वाया जात नाही : सदऱ्याची बाही वाकळीत जाते, पाठीचे कापड पुसायला वापरतात आणि उरलेल्या चिंध्या पायपुसण्यात विणल्या जातात. म्हणून लहान झालेला गणवेश वाकळीसाठी काढताना घरातली जाणती बाई आधी छातीवरचा ध्वज ब्लेडने टाका टाका उसवून वेगळा करते, आणि मगच उरलेल्या कापडाला कात्री लावते.